आदल्या संध्याकाळचा अहवाल

लोकांची दारं वाजवण्यावर ज्याचं पोट चालतं, त्या माणसाला दारांचीच भीती वाटावी, हा विनोद आमच्या कोर्टात चौतीस वर्षं चालू होता. त्या माणसाला आम्ही हळूकाका म्हणायचो. जिना उतरणाऱ्याला, चहा ओतणाऱ्याला, व्हरांड्यात भांडणाऱ्या वकिलांना ते एकच शब्द सांगत: "हळू." हुद्दा बेलीफ. म्हणजे कोर्टाची नोटीस घेऊन लोकांच्या घरी जायचं, ती वाचून दाखवायची, हातात द्यायची, सही घ्यायची आणि नोटीस पोचली असा अहवाल द्यायचा. सोपं वाटतं ना? मग एकदा जाऊन बघा.

काकांना दोनदा कुत्रा चावला होता. एकदा वरच्या मजल्यावरून अंगावर गरम पाणी आलं होतं. एका गृहस्थांनी तर नोटीस त्यांच्यासमोर फाडून, चावून, गिळून दाखवली आणि विचारलं, "आता कुठं पोचली सांग." हे सगळं काका आम्हाला हसत सांगत, पण हसताना त्यांचा डावा हात खिशात असायचा, कारण तो थरथरायचा. काकू म्हणायच्या, "सकाळी जोडे घालताना यांच्या पोटात गुरगुरायला लागतं. मला घड्याळाची गरजच पडत नाही."

मी त्याच कोर्टात लघुलेखिका. न्यायाधीश बोलतात ते मी टिपून घेते आणि टाइप करते. माझी जीभ जरा तिखट आहे. पुढे जे झालं त्यात तिचाही वाटा आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

दारात उभं राहिल्यावर काकांना दोन ओळीही नीट लिहिता येत नसत. अक्षर असं वेडंवाकडं होई की वरिष्ठ अहवाल परत पाठवत. म्हणून त्यांनी तरुणपणीच एक युक्ती काढली. उद्याच्या नोटिसांचे अहवाल आदल्या संध्याकाळी, साडेचारच्या चहानंतर, कोर्टातल्या टेबलावर बसून सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचे: नोटीस समक्ष दिली, वाचून दाखवली, पोचली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की फक्त सही घ्यायची. नाहीच उघडलं, तर परत येऊन लाल पेनानं आडवी रेघ मारायची आणि वर लिहायचं, 'दार बंद'. लाल रेघ मारायला ते कधी विसरले नाहीत. सगळ्या कोर्टाला ही युक्ती माहीत होती. कोणाचंच काही बिघडत नव्हतं, म्हणून कोणी बोललं नाही.

मग साखळी आली. तिचं खरं नाव ब्लॉकचेन, पण आमच्याकडे सगळे साखळीच म्हणतात. शहरातले घरभाड्याचे करार कागदावरून तिच्यावर गेले. हे करार नुसते लिहिलेले नसतात, ते स्वतःच स्वतःला अमलात आणतात. कराराला वाटलं की भाडेकरूनं अट मोडली, की दाराचं कुलूप आपोआप लागतं, वीज आणि पाणी आपोआप बंद होतं. ना पोलीस, ना बेलीफ, ना आरडाओरडा. आणि एकदा साखळीत गेलेलं अक्षर खोडता येत नाही, कारण त्याच्या प्रती हजारो कॉम्प्युटरांवर बसलेल्या असतात. घरमालक खूश झाले. पहिल्याच वर्षी एक बाई बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली, तर दार तिला ओळखेना. ते प्रकरण वर गेलं आणि निकाल आला की, यंत्र असलं म्हणून काय झालं, नोटीस दिल्याशिवाय कोणालाही घराबाहेर काढता येणार नाही, कायदा करारातच घाला.

तो घालायला एक प्रोग्रामर आला. पाठीवर सदानकदा बॅग, म्हणून त्याचं नाव बॅगवाला. तीन महिने तो माझ्या टेबलाशेजारी बसून होता. नोटीस म्हणजे काय, ती पोचते कशी, हरकत कोण घेतं, सगळं विचारून विचारून त्यानं आमचं डोकं खाल्लं. काकांनी त्याला सगळं नीट सांगितलं. आधी दार वाजवायचं, उघडलं की नाव विचारायचं, वाचून दाखवायचं, हातात द्यायचं, सही घ्यायची आणि मग, सगळ्यात शेवटी, अहवाल. नियमांच्या पुस्तकात आहे तसं, शब्दाला शब्द. ते हे सांगत होते तेव्हा उद्याच्या नोटिसांचे लिहून झालेले अहवाल त्यांच्या कोपराखाली होते. ते मला दिसत होते. मी गप्प बसले. परक्या माणसासमोर घरातलं कशाला काढायचं?

तर करारात असं ठरलं की बेलीफचा अहवाल साखळीत गेला की अठ्ठेचाळीस तासांचं घड्याळ सुरू होईल. तेवढ्यात घरातल्या माणसानं हरकत घेतली तर सगळं थांबेल आणि प्रकरण न्यायाधीशांपुढे जाईल. नाही घेतली तर कुलूप. बॅगवाल्यानं विचारलं, "आणि बेलीफनं खोटा अहवाल टाकला तर?"

मी हसत म्हणाले, "तर त्यानं त्या अठ्ठेचाळीस तासांत स्वतः येऊन सांगावं, माझा अहवाल खोटा होता. घड्याळ थांबेल. पण मग त्याची किल्ली जळू दे, आणि आजवर त्यानं टाकलेला एकूण एक अहवाल संशयात जाऊ दे. कायद्याला दात नकोत का?"

काकाही हसले. बॅगवाला हसला नाही. त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

किल्ली म्हणजे काडेपेटीएवढं एक यंत्र. त्यावर अंगठा ठेवायचा की काकांचा अहवाल साखळीत जायचा. काकांनी त्याला काकूंकडून छोटी कापडी पिशवी शिवून घेतली आणि ती गळ्यात घातली. आणि रोज साडेचारच्या चहानंतर, पूर्वीसारखेच, ते उद्याचे अहवाल आज टाकू लागले. पहिल्यांदा एक दार उघडलं नाही तेव्हा माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "यात लाल रेघ कुठं मारायची गं?"

"यात रेघ नसते, काका. गेलं ते गेलं."

"बरं," म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते नोटीस हातात दिल्यावरच अहवाल टाकत असतील, असं मी धरून चालले. धरून चालणं फार सोयीचं असतं.

हे सोळा महिने चाललं. मग तो बुधवार आला.

दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी काकांचा फोन आला. एरवी ते फोनवर आधी जेवलीस का विचारतात. त्या दिवशी म्हणाले, "अगं, आत कोणीतरी आहे."

"कुठं आत?"

"त्या तळमजल्यावरच्या घरात. मी काल आलो होतो तेव्हा दार उघडलं नाही. म्हटलं, करारच म्हणतोय घर सोडलंय, तर असेल रिकामं. पण मन मानेना, म्हणून आज पुन्हा आलो. आत काठी वाजतेय. कोणीतरी चालतंय."

मी नोंद काढली. करार एका मुलाच्या नावावर होता. तो जहाजावर नोकरीला होता. करारात अट होती की भाडेकरू तीस दिवस दारातून आतबाहेर गेला नाही तर घर सोडलं असं धरायचं. दार फक्त त्याचा अंगठा ओळखत होतं. आत त्याची आई राहते, हे दाराला कोणी सांगितलंच नव्हतं.

"ताई!" काका दाराला तोंड लावून बोलत होते, ते मला ऐकू येत होतं. "ताई, तुम्ही आत एकट्याच आहात का?"

आतून बारीक आवाज आला, "पाय प्लास्टरमध्ये आहे माझा. कोण तुम्ही? जा इथून."

काका फोनवर परत आले. "ऐकलंस? पण वेळ आहे आपल्याकडे. अहवाल मी मंगळवारचा लिहिलाय. म्हणजे उद्यापर्यंत आहे ना?"

माझ्यासमोर स्क्रीनवर आकडे पळत होते. अहवालावर काकांनी मंगळवार लिहिला असेल, पण साखळीनं तो सोमवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी गिळला होता. ती त्यांचा मंगळवार कशाला मोजेल?

"काका, आज चार चाळीसला लागतंय कुलूप."

पलीकडून दारावर थापा मारल्याचा आवाज आला.

आता कुलूप लागतं म्हणजे काय होतं, ते सांगते. सोडलेल्या घरात चोर शिरू नये म्हणून ते कुलूप आतूनबाहेरून बसतं. रिकाम्या घरात आतून उघडायला असणार कोण, असा हिशोब. खिडक्यांना गज. वीज नाही, पाणी नाही. आणि आत पाय प्लास्टरमध्ये असलेली एक बाई.

मी धावले. न्यायाधीश मॅडम दुसऱ्या शहरात बैठकीला गेल्या होत्या. घड्याळ थांबवू शकणारी त्यांची किल्ली त्यांच्याबरोबर, आणि फोन बंद. कोर्टाचा कारभार बघणाऱ्या प्रबंधकांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "स्थगितीला घरातल्या माणसाच्या सहीचा अर्ज इथं टेबलावर लागतो. अर्ज कुठंय?"

"साहेब, ती बाई चालू शकत नाही."

"मग अर्ज नाही," म्हणाले, आणि चष्मा घातला. घरमालकाला फोन केला. तो बिचारा माझ्याहून घाबरला. "अहो, मला काही करता येत नाही! करार माझं ऐकतच नाही, तोच तर त्याचा गुण म्हणून विकला होता आम्हाला." शेवटी बॅगवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "दोनच रस्ते आहेत. न्यायाधीशांची किल्ली, नाहीतर बेलीफनं अहवाल खोटा होता म्हणून मागे घ्यायचा. ते कलम तुम्हीच सांगितलं होतंत."

तीन पंधरा झाले होते. काकांना फोन लावला. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. कोर्टाला खोटा अहवाल देणं हा गुन्हा आहे, हे काकांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ते त्यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांना वाचून दाखवलं होतं. मी रस्ता सांगितला. ते फक्त एवढंच म्हणाले, "दुसरं काही?"

"नाही, काका."

"ताईंना बाहेर काढलं तर?"

मला फोनमधून आता त्या दाराचा आवाज येत होता. गोड, शिकवलेला, बाईचा आवाज: "हे घर सोडलेलं आहे. कुलूप लागण्यास एक तास तेवीस मिनिटं." आणि त्याच्या मागून ती खरी बाई ओरडत होती, "मी दार उघडणार नाही! बाहेर पाय टाकला की घर गेलं! मघापासून हे कोण बोलतंय माझ्या दारातून?"

तिचं खोटं नव्हतं. बाहेर आली असती तर जीव वाचला असता, पण घर गेलंच असतं, आणि जहाजावरून परतलेल्या मुलाला आई कुठल्या फुटपाथवर शोधावी लागली असती, कोण जाणे.

काका म्हणाले, "मी बघतो," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. मी सात वेळा लावला. मी तिथं जायला निघाले असते, तर गर्दीतून पोचेपर्यंत पाच वाजले असते. म्हणून मी बसून राहिले. स्क्रीनवर एक तास होता, मग पन्नास मिनिटं, मग चाळीस. मला खात्री वाटायला लागली की काका पळाले. भित्रा माणूस, थरथरणारा हात, आठ महिने, घरी काकू. मी त्यांच्या जागी असते तर पळाले असते, आणि हे मनात आलं तेव्हा मला त्यांच्यापेक्षा माझीच जास्त भीती वाटली. त्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं. ती आतल्या आत खोलीभर काठी टेकत फिरत असेल, नळाखाली भांडी भरून ठेवत असेल, की तिला हे काहीच सुचत नसेल? वीस मिनिटं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी चहा ठेवला. बारा मिनिटं.

चार वाजून एकतीस मिनिटांनी आकडे थांबले.

खाली ओळ उमटली: अहवाल मागे घेतला. कारण: खोटा. त्याच्याखाली दुसरी: या बेलीफची किल्ली रद्द. मी टेबलावर डोकं टेकलं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा तो पडला, पण जेमतेम मिनिटभर. डोकं वर केलं तर स्क्रीन पिवळा झाला होता. काकांचे सोळा महिन्यांचे अहवाल एकेक करून संशयित होत होते. दोनशे चौदा.

काका साडेपाचला आले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मी पाणी दिलं, ते सगळं प्यायले.

"इतका वेळ काय करत होतात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"जिन्यात बसलो होतो. अंगठा टेकेना गं. किल्ली घामानं अंगठा ओळखेना, आणि मला वाटलं बरंच झालं. मग परत वाटलं, बरं कसं झालं." त्यांनी हात पॅन्टला पुसला. "मग टेकला अंगठा. दाराचं ते गोड बोलणं थांबलं, तेव्हा ताईंनी दार उघडलं. मी नोटीस वाचून दाखवली, हातात दिली. म्हणाल्या, एवढंच सांगायचं होतं तर आधी का नाही सांगितलंत? आता हरकत घेतील त्या. शेजारीण अर्ज घेऊन येणार आहे उद्या."

तेवढ्यात प्रबंधक यादी घेऊनच बाहेर आले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "यातले आदल्या दिवशी टाकलेले किती?"

"सगळे," काका म्हणाले.

"आणि हातात न दिलेले?"

काकांनी माझ्या टेबलावरचं पेन घेतलं. वही नाही, आठवायला थांबणं नाही, ते यादीवरून खाली खाली जात खुणा करत गेले. कुठल्या दारावर घंटा नव्हती, कुठं वर्तमानपत्रं साठली होती, हे त्यांना सगळं पाठ होतं. एकोणीस खुणा झाल्या. एकोणीस दारं, आणि एकोणीसच्या एकोणीस कुलपं लागून गेली होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण काका, ती घरं रिकामी होती ना?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "हेही रिकामंच होतं," ते म्हणाले.

प्रबंधकांनी विचारलं, ही कुलपं परत उघडायची कशी? मी बॅगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, थांबवायचं कलम आहे, उघडायचं नाही. बंद झालेलं घर कोर्टाच्या हुकमानं उघडण्याची सोय करारात ठेवायची का, असं त्यानं तेव्हा मला विचारलं होतं म्हणे. मी म्हणाले होते, रिकामं घर उघडून काय करायचंय? मला ते आठवत नव्हतं. त्याच्याकडे तारखेसकट लिहिलेलं होतं.

काकांचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. नोकरी गेली, खटला उभा राहिला, आणि त्यात मी साक्ष दिली, कोपराखालच्या त्या अहवालांसकट. काका आता घरीच असतात. काकू म्हणतात, पोटातलं गुरगुरणं थांबलंय, पण रात्रीचं दार वाजलं तर ते उघडायला उठत नाहीत.

पण त्याआधी गुरुवारची सकाळ. न्यायाधीश मॅडमनी परतल्या परतल्या तोंडी हुकूम दिला, कुलपं फोडा. दोन पोलीस, पहार घेतलेला एक लोहार, मी आणि काका. काकांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना नको म्हणायची कोणाची छाती झाली नाही. सुरुवात सगळ्यात अलीकडच्या घरापासून केली, नऊ दिवसांपूर्वीच्या. का, ते कोणी बोलून दाखवलं नाही. जिन्यावर मी दर पायरीला नाकानं वास घेत होते, आणि तसं करतेय हे कळल्यावर मी रुमाल नाकाला लावला.

लोहारानं पहार लावली. काका म्हणाले, "थांब जरा." पुढं होऊन त्यांनी दाराला कान लावला आणि हाक मारली. पुन्हा मारली. दार गोड आवाजात म्हणालं, "हे घर सोडलेलं आहे."

दार तुटलं. आत कोणी नव्हतं. मला हलकं वाटलं. दोन पलंग नीट आवरलेले, टेबलावर औषधांची पुडी, कोनाड्यात जाड भिंगांचा चष्मा, खुर्चीवर घडी केलेला स्वेटर. सोडून गेलेल्या माणसांचं घर असं नसतं.

समोरच्या दारात एक गृहस्थ चहाचा कप घेऊन उभे होते. काकांनी विचारलं, "इथले लोक?"

"म्हातारे भाऊ-बहीण होते. भाऊ दवाखान्यात होता, बहीण त्याच्याजवळ. गेल्या आठवड्यात आले ना परत, कुलूप लागल्याच्या तिसऱ्या दिवशी. इथंच उभे होते. बहीण सारखी दाराला सांगत होती, अरे आम्हीच आहोत, आम्हीच. दार आपलं म्हणतंय, घर सोडलेलं आहे. संध्याकाळपर्यंत उभे होते. मग गेले."

"कुठं गेले?"

"विचारलं नाही." गृहस्थांनी कप दुसऱ्या हातात घेतला. "दारच म्हणत होतं ते इथले नाहीत. मग आम्ही कसं बोलणार?"

काकांनी कोनाड्यातला चष्मा उचलून रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. पोलिसानं यादीवर रेघ मारली. अजून अठरा घरं होती, म्हणून आम्ही जिना उतरायला लागलो.